किल्ला दाखवाल तेव्हा कागदही दाखवा

सुट्टी लागली की तुम्ही मुलांना घेऊन बाहेर पडता. कुणी कुलदैवताला गोव्याला जातं, कुणी वसईचा किल्ला बघायला. तिथे एखादं पोर हमखास विचारतं, "पोर्तुगीज आणि इंग्रज सारखेच होते का हो?" बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं. "हो रे, सगळे लुटारूच. चल, तिथे उभा राहा, फोटो काढू."

एवढ्यावर सोडू नका. लुटलं दोघांनीही, यात वाद नाही. पण काय हवं होतं, ते कसं नेलं आणि कुणाच्या घरापर्यंत हात पोचला, यात काळागणिक फार फरक पडत गेला. तो मुलाला सांगितला नाही, तर परकी सत्ता म्हणजे गलबत, तोफ आणि दाढीवाला गोरा माणूस एवढंच त्याच्या मनात राहील. तोफेशिवाय झालेलं नुकसान त्याला दिसणार नाही. आपल्याकडे ते नुकसान जास्त झालं आहे.

यासाठी तुम्ही इतिहासाचे प्राध्यापक असायची गरज नाही. पुढच्या सहलीत थोडा वेळ काढा.

गोव्याला जाणार असाल तर देवळात शिरण्याआधी मुलाच्या हातात नकाशा द्या. फोंडा तालुका शोधायला लावा. मंगेशी तिथे. म्हार्दोळची महालसा तिथे. कवळ्याची शांतादुर्गाही तिथेच. मग विचारा, एवढी मोठी दैवतं एकाच तालुक्यात दाटीने कशी काय आली?

ती मूळची तिथली नाहीतच. मंगेश कुठ्ठाळीचा, महालसा वेर्ण्याची, शांतादुर्गा केळशीची. ही सगळी गावं झुवारीच्या दक्षिणेला. १५१० साली आल्बुकर्कने गोवा घेतला. पुढच्या काही दशकांत पोर्तुगिजांनी त्या भागातली देवळं पाडली. १५६० साली धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन आलं. लोकांनी देव उचलले आणि नदीपलीकडे नेले. फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता. तुमच्या आमच्यातल्या कित्येक घराण्यांची वाटचाल त्याच रस्त्याने झाली आहे. मंगेशीला नारळ ठेवताना हे सांगायला दोन मिनिटं लागतात.

पुढचा भाग मात्र बहुतेक जण सांगत नाहीत.

दोनशे वर्षांनी, १७६३ साली, हाच फोंडा पोर्तुगिजांच्या हाती आला. राज्य तेच, झेंडा तोच, गावंही तीच ज्यांत देव लपवले होते. पण या वेळी देवळांना हात लागला नाही. लोकांच्या देवधर्मात आणि रीतिरिवाजांत ढवळाढवळ करणार नाही, असं त्यांनी कबूल केलं होतं. म्हणून गोव्यात आजही जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले मुलूख, आणि नव्या काबिजादी असा भेद बोलण्यात येतो. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या. फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या नव्या. जुन्या भागात गावोगावी पांढरी चर्चं दिसतात, नव्या भागात दीपमाळा दिसतात. गाडीच्या खिडकीतून मुलाला हा बदल ओळखू द्या. त्याला तो बरोबर ओळखता येतो.

आता तो विचारेल, मग पोर्तुगीज सुधारले का?

घाईने हो म्हणू नका. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगिजांचा उत्तरेकडचा बहुतेक मुलूख गेला. त्याच सुमारास मराठी फौजा साष्टीत आणि बार्देशातही घुसल्या होत्या. खुद्द गोवा हातातून जातो की काय, अशी वेळ आली. अशा सत्तेला सरहद्दीवर नाराज रयत परवडत नाही. तिला महसूल हवा होता, आणि माणसं गाव सोडून पळून गेली तर महसूल देणार कोण? गरज बदलली तशी वागणूक बदलली. आणि बदलली म्हणून सगळं गोड झालं, असंही नाही. १८५२ साली सत्तरीत दिपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेऊन बंड केलं, ते याच नव्या काबिजादींत. हे बंड तीन वर्षं चाललं.

वेळ असेल तर कुंकळ्ळीलाही जा. साष्टीतलं मोठं गाव आहे. १५८३ साली तिथल्या गावकारांनी पाच जेझुइट पाद्र्यांना मारलं. आधी देवळं पाडली होती, कर लादले होते, त्याचा हा राग. पुढे काय झालं ते मुलांना नीट सांगा. गावच्या सोळा प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं. ते गेले. आत त्यांना ठार केलं. एकच निसटला, नदीत उडी टाकून. गावची देवी फातर्प्याला गेली ती गेलीच. पण दर वर्षी तिची मिरवणूक रंगीत छत्र्या घेऊन कुंकळ्ळीला येते, आणि तिच्यात गावचे बारा वांगड, म्हणजे मूळ घराणी, आपापला मान राखून असतात. जाताजाता एक गोष्ट. 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर स्टीफन्स तेव्हा त्याच साष्टीत होते. मारल्या गेलेल्या पाद्र्यांची शवं आणायला ते गेले होते. आणि त्याच माणसाने पुढे मराठी ओवीत एवढा मोठा ग्रंथ रचला, जो १६१६ साली राशोलला छापला गेला. माणसं अशीच असतात. मुलांपासून हे लपवू नका. त्यांना गुंता झेपतो, आपल्यालाच तो सांगायचा कंटाळा येतो.

इथे एक कळकळीची विनंती. सोळाव्या शतकाचा राग आजच्या शेजाऱ्यावर काढू नका. साष्टीतला ख्रिस्ती माणूस हा त्याच गावकारांचा वंशज आहे. वसईतला ख्रिस्ती शेतकरी घरात मराठीच बोलतो, केळी पिकवतो, फुलं पिकवतो. त्याच्या खापरपणजोबावरही तीच वेळ आली होती. मुलांसमोर "यांनी आपल्याला" असं वाक्य सुरू करण्याआधी, यातले "हे" नक्की कोण, ते स्वतःशी ठरवा.

आता वसईला या. मुंबईकरांना तर लोकलने जाता येतं.

माझ्या मते महाराष्ट्रात एवढी चांगली शाळा दुसरी नाही. तिथे साम्राज्याचे दोन्ही काळ एकाच जागी उभे आहेत. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. त्यांनी बांधलेली चर्चं, कमानी, तट आजही उभे आहेत. हा पहिला काळ. त्याला समुद्र हवा होता, बंदरं हवी होती, मसाल्याचा व्यापार हवा होता. आपल्या जहाजाने समुद्रात जायचं तर पोर्तुगिजांचा परवाना घ्यावा लागे. त्याला कार्ताझ म्हणत. तो नसेल तर जहाज जप्त. धाक भयंकर, पण तो मुख्यतः किनाऱ्यावर आणि पाण्यावर. घाटावरच्या इंदापूर, शिरूरच्या कुणब्याला पोर्तुगीज कसा दिसतो हे ठाऊक नव्हतं. त्याच्या चुलीपर्यंत तो पोचलाच नाही.

चिमाजी अप्पांचा पुतळा मुलांना दाखवा. जिंकल्यावर मराठ्यांनी इथल्या चर्चच्या घंटा नेल्या, त्या पुढे देवळांत लागल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांतलीच. भीमाशंकरलाही एक आहे. कधी गेलात तर मुलाला उचलून घ्या आणि तिच्यावरचा क्रूस दाखवा.

पण घंटेवर थांबू नका, कारण वसईची खरी गोष्ट पुढे आहे. तट जिंकून त्रेसष्ट वर्षं झाल्यावर याच वसईत, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांच्या कंपनीशी तह केला. ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशव्यांचा आणि शिंद्यांचा पराभव केला होता. बाजीराव पुण्याहून निघाले, कोकणात उतरले आणि इंग्रजांच्या आश्रयाला वसईत आले. गादी परत हवी होती. कंपनीने ती मिळवून द्यायचं कबूल केलं.

बदल्यात काय लिहून दिलं ते बघा. कंपनीची निदान सहा हजारांची कवायती फौज पेशव्यांच्या मुलखात कायमची राहणार. तिच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाख उत्पन्नाचा मुलूख कंपनीला. इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपियनाला पेशव्यांनी चाकरीत ठेवायचं नाही. दुसऱ्या सत्तेशी कंपनीला विचारल्याशिवाय बोलणं करायचं नाही. निजामाशी, गायकवाडांशी तंटा झाला तर निवाडा कंपनी करणार.

घरगुती भाषेत सांगायचं तर भाऊबंदकीच्या भीतीने दारात राखणदार ठेवला, पगारापोटी त्याला चांगलं शेत लिहून दिलं, आणि वर त्याला विचारल्याशिवाय शेजाऱ्याशी बोलणार नाही असंही कबूल केलं. पुढच्या मे महिन्यात बाजीराव पुण्यात परतले. १८१८ साली पेशवाई गेली. वसईचा एक दगडही या वेळी हलला नव्हता.

मुलांना हे तिथेच, तटावर बसून सांगा. हा दगड लढून घेतला आणि सहीने घालवला.

वऱ्हाडातल्या मंडळींनी वसईला यायलाच हवं असं नाही. तुमच्याकडे हीच गोष्ट आणखी उघडी आहे. निजामाच्या नावाने हैदराबाद कंटिंजंट म्हणून फौज ठेवली होती. हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, खर्च निजामाचा. खर्च थकला, त्याचं कर्ज झालं. १८५३ साली त्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे आलं. कापसाची काळी जमीन एका लढाईशिवाय गेली. १९०२ साली तर वर्षाला २५ लाखांवर ती कायमच्या पट्ट्याने घेतली.

आता पुण्यापासून जवळचं, बारामतीकडचं एक गाव घ्या. सुपे. बाहेरगावचे लोक क्वचितच तिथे मुद्दाम थांबतात. तुम्ही थांबा.

दुसऱ्या काळातल्या साम्राज्याचा हात चुलीपर्यंत कसा पोचला, हे या गावाइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. तो काही एका दिवसात पोचला नाही. कंपनीने जमिनी मोजल्या आणि सारा रोखीत ठरवला. पाऊस पडो न पडो, तो भरायचाच. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध लागलं. तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी आपल्याकडे तोंड वळवलं. दख्खनमध्ये सावकार कापसाच्या एकराला शंभर रुपये आगाऊ देऊ लागला. तेव्हाचे शंभर. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळला, सावकाराने हात आखडता घेतला. आणि नेमकं १८६७ पासून नवी आकारणी सुरू झाली. कितीतरी गावांत सारा निम्म्याने, काही ठिकाणी त्याहूनही जास्त वाढला.

शेतकरी सावकाराकडेच जाणार, दुसरं कोण होतं? आणि इथे कायद्याची गंमत बघा. १८५९ साली मुदतीचा कायदा झाला. कर्जरोखा तीन वर्षंच चालणार. हेतू असा की व्याज साठत जाऊ नये. झालं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई. जुनं मुद्दल आणि चढलेलं व्याज मिळून नवं मुद्दल, त्यावर पुन्हा व्याज. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं. त्या काळच्या कागदांवर कुणब्याची सही म्हणून नांगराची निशाणी असते. बाईची असेल तर बांगडीची. त्या नांगरावर कोर्ट हुकूमनामा देई. समन्स कधी मिळे, कधी मिळत नसे. शेतकऱ्याच्या गैरहजेरीतच निकाल लागे आणि जमीन जाई.

१२ मे १८७५, सुप्याचा बाजाराचा दिवस. भोवतालच्या गावांतले लोक जमले आणि सावकारांच्या घरांवर गेले. त्यांना काय हवं होतं, ते लक्षात घ्या. वह्या आणि रोखे. ते बाहेर काढले आणि जाळले. दंगल पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरली. बहुतेक ठिकाणी रोखे हाती दिले की सावकाराच्या अंगाला हात लागला नाही. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. कर्जाचा मागचा इतिहास कोर्टाने तपासावा, शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावेत, असं त्यात ठरलं. म्हणजे लोकांनी ज्यावर बोट ठेवलं तो रोगाचा भाग खरा होता, हे सरकारनेही मान्य केलं. वाढलेला सारा मात्र सावकाराने लावलेला नव्हता. ते बोट कायद्याने कुणाकडे दाखवलं नाही.

आता तुलना मुलांनाच करू द्या. कुंकळ्ळीच्या गावकाराला आपला शत्रू डोळ्यांनी दिसत होता, किल्ला दिसत होता. सुप्याच्या शेतकऱ्याला दिसत होता फक्त गावचा सावकार. त्याच्या मागचं कोर्ट, कोर्टामागचा सारा, साऱ्यामागची लंडनची कचेरी, हे त्याला कधी दिसलंच नाही. मँचेस्टरच्या गिरणीचा भाव पडला म्हणून आपलं शेत गेलं, हे त्याला कोण सांगणार? पहिला काळ क्रूर होता हे मुलांना सहज कळतं. दुसरा काळ क्रूर होता हे तुम्हालाच उलगडून सांगावं लागतं.

घरातल्या बैठकीत एक वाक्य नेहमी येतं. "इंग्रजांनी रेल्वे तरी दिली." भांडू नका. रेल्वे आली, हे खरंच आहे. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. इंग्रजी शाळा आल्या, त्यांतून जोतिराव फुले शिकले आणि त्यांनी शेतकऱ्याच्या वतीने त्याच सरकारला जाब विचारला, हेही खरं. फक्त शांतपणे एक गोष्ट जोडा. रेल्वे कंपनीच्या भागधारकांना ५ टक्के व्याजाची सरकारी हमी होती. धंद्यात कमी पडलं तर ते भरायचं हिंदुस्थानच्या तिजोरीतून. ती तिजोरी मुख्यतः शेतसाऱ्याने भरायची. रेल्वेचं तिकीट सुप्याच्या शेतकऱ्याने न बसताही काढलं होतं. एवढं सांगा आणि चहा घ्या.

आणि "नंतरचा काळ म्हणजे सौम्य काळ" असंही पोरांच्या मनात राहू देऊ नका. गोव्यातच बघा. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले. वीस वर्षांनी सालाझारच्या वसाहत कायद्याने ते पुन्हा आवळले. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. लोहियांनी सभाबंदी मोडली, ती या नंतरच्या काळाविरुद्ध. इंग्रज गेले तरी पोर्तुगीज १९ डिसेंबर १९६१ पर्यंत राहिले.

हे झालं मुलांसाठी. आता तुमच्यासाठी.

पीककर्जाचं नवं-जुनं करायला तुम्ही बँकेत किंवा सोसायटीत जाता. तेव्हा नव्या कागदात मुद्दल किती आणि जुनं व्याज किती, हे वेगवेगळं लिहून मागा. जुनं खातं बंद झाल्याचा दाखला त्याच दिवशी घ्या. "नंतर या" म्हणाले तर नंतर सही करा. खासगी सावकाराकडून घेणार असाल तर त्याचा परवाना आधी बघा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर, कोऱ्या चेकवर सही नको, माणूस कितीही नात्यातला असो. कर्जापोटी जमिनीचं खरेदीखत करून द्या असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा. बेकायदा सावकाराने जमीन अडकवली असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते आणि जमीन परत मिळू शकते. वाडवडिलांच्या वेळी ही सोय नव्हती.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांची सही घेताना त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. त्यांना कळलं का, ते त्यांच्या तोंडून ऐका.

आणि माळ्यावरची ती पत्र्याची पेटी. मोडीतले कागद कुणाला वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालू नका. त्यांत एखादा कर्जरोखा असू शकतो, सनद असू शकते, जमिनीचा निवाडा असू शकतो. प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करू नका, त्याने कागद आतल्या आत खराब होतो. चिकटपट्टी लावू नका. सावलीत उघडा, दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा, सुती कापडात गुंडाळून ठेवा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, गोव्यात पणजीचं पुराभिलेखागार, अशा ठिकाणी चौकशी केलीत तर मोडी वाचणारं माणूस भेटतं. मूळ कागद लगेच कुणाच्या हाती देऊ नका. आधी फोटो दाखवा, आणि देणारच असाल तर पोच घ्या.